खिचडी उरते म्हणून स्वयंपाकाच्या मावशी बदलाव्यात का?

विदर्भाच्या कापूसपट्ट्यातील एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांचे पत्र आले आहे. शाळेचा पट ४४ असून रोज ४० च्या आसपास मुले हजर असतात. शालेय पोषण आहार शिजवण्यासाठी एकच मावशी आहेत आणि त्या सात-आठ वर्षांपासून हे काम करतात. गेल्या काही महिन्यांपासून पातेल्यात रोज खिचडी किंवा पुलाव उरतो. मटकी किंवा हरभऱ्याच्या दिवशी तर मुले ताटातही टाकतात. आठ-नऊ मुले घरून डबा आणू लागली आहेत आणि त्यांचे पालक ‘त्या बाईच्या हातचे नको’ असे म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी मावशींना काढून आपल्या नात्यातील एका महिलेला घ्यावे, असे सुचवले आहे. इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे वेळेवर येत नाहीत, त्यामुळे भाजी मुख्याध्यापिका स्वतःच्या पगारातून आणतात. रोजची उपस्थिती भरणे, साठा नोंदवही आणि चव नोंदवही लिहिणे, बारदानाचा हिशेब ठेवणे यात सकाळचा पहिला तास जातो. त्या विचारतात : ‘मी शिकवण्यासाठी नोकरीला लागले, भटारखाना चालवण्यासाठी नाही. मावशी बदलून हा प्रश्न सुटेल का, की हे सगळे एखाद्या बचत गटाकडे सोपवून मोकळे व्हावे?’

मुख्याध्यापिका बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात थकवा आहे आणि तो खरा आहे. शिक्षकांच्या अध्यापनात व्यत्यय येईल अशी कोणतीही जबाबदारी या योजनेत त्यांच्यावर टाकू नये, असे केंद्र सरकारच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले होते. प्रत्यक्षात दोनशिक्षकी शाळेत साठ्यापासून उपस्थितीच्या नोंदीपर्यंत सगळे मुख्याध्यापकांच्याच टेबलावर येऊन पडते. तेव्हा ‘हे माझे काम आहे का’ हा तुमचा प्रश्न कामचुकार माणसाचा नाही आणि तो विचारताना तुम्हाला जो संकोच वाटलेला दिसतो, त्याचेही कारण नाही.

मात्र पत्र पुन्हा वाचताना मला असे दिसते की तुम्ही तीन वेगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत आणि ते गाठोडे मावशींच्या डोक्यावर ठेवले आहे. पातेल्यात अन्न उरते, ही एक गोष्ट. मटकीच्या दिवशी मुले ताटात टाकतात, ही दुसरी. आठ-नऊ घरांतून डबे येतात, ही तिसरी. या तिन्हींची कारणे निराळी असू शकतात आणि माणूस बदलून यातली कदाचित एकही सुटणार नाही.

पहिल्या गोष्टीचा हिशेब तुमच्याच आकड्यांत आहे. इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे ४० मुलांसाठी ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम कडधान्य, २ किलो भाजी आणि २०० ग्रॅम तेल. मावशी हजेरीप्रमाणे ४० जणांचे माप घेत असतील आणि त्यातली नऊ मुले डबा खात असतील, तर जवळजवळ एक किलो तांदळाची खिचडी उरणारच, मग ती कोणीही शिजवो. शिवाय १०० ग्रॅम हे सर्व इयत्तांना मिळून धरलेले प्रमाण आहे. पहिलीतले सहा वर्षांचे मूल आणि चौथीतले दहा वर्षांचे मूल यांची भूक सारखी नसते. पहिलीच्या ताटात एकदम पूर्ण पळी न वाढता अर्धी वाढावी आणि मागणाऱ्याला पुन्हा द्यावी, म्हणजे लहान मुलांचे टाकणे पुष्कळ कमी होते आणि चौथीच्या मुलांना पोटभर मिळते.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टच लिहितो. डबा खाणारी मुले तुमच्या रोजच्या नोंदीत लाभार्थी म्हणून जात आहेत का, हे तपासा. तांदूळ शिल्लक दिसला की तपासणीत विचारणा होते, या धास्तीने अनेक शाळांत हजेरीचा आकडा तसाच लाभार्थ्यांच्या रकान्यात उतरवला जातो. तसे होत असेल तर ते आजपासून थांबवा. जेवणाऱ्या मुलांचाच आकडा भरा, तेवढ्यांचेच माप द्या आणि शिल्लक साठ्याचे कारण नोंदवहीत एका ओळीत लिहा. शिल्लक असलेला आणि कारणासह नोंदलेला तांदूळ समजावून सांगता येतो, पण कागदावर खाल्लेला आणि पोत्यात सापडलेला तांदूळ समजावून सांगता येत नाही.

दुसरी तक्रार मटकी-हरभऱ्याची. पुढच्या वेळी मटकी शिजल्यावर चवीसाठी चमचाभर तोंडात घालण्याआधी चार दाणे अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. दाणा पिठासारखा पसरला तर शिजला. सालाखाली टणक कणी लागली, किंवा दाणा बोटातून निसटून उडाला, तर तो कच्चा आहे आणि दुधाचे दात पडत असलेली मुले तो चावू शकत नाहीत. मुलांना ‘नखरे’ म्हणणे सोपे असते. पण तांदूळ आणि कडधान्य एकत्र टाकून केलेल्या पुलावात भात आधी होतो, कडधान्य मागे राहते आणि भात गाळ होऊ नये म्हणून पातेले उतरवले जाते. त्यात कडधान्य जुने असेल किंवा बोअरचे पाणी जड असेल तर ते आणखी चिवट राहते. उपाय साधा आहे : हरभरा, वाटाणा, चवळी आदल्या दिवशी शाळा सुटताना भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी वेगळी शिजवून मग भातात मिसळायची. मटकीला मोड आणायचे तर त्याहून एक दिवस आधी सुरुवात हवी. म्हणजे उद्या काय शिजणार हे मावशींना आज दुपारीच ठाऊक असले पाहिजे. आठवड्याचा पाककृतीचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे का? आणि मावशींना वाचता येत नसेल तर तो रोज दुपारी कोणी सांगते का?

तांदळाबद्दलही मावशींशी एकदा बोला. शाळांना पोषणवर्धित तांदूळ येतो तेव्हा त्यात साधारण शंभर दाण्यांमागे एक दाणा तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ मिसळून बनवलेला असतो. हा दाणा रंगाने किंचित वेगळा दिसतो आणि पाण्यात कधी कधी वर तरंगतो, त्यामुळे गावोगावी त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हटले गेले. निवडताना बायका तो खडा समजून काढून टाकतात, किंवा धुताना पाण्याबरोबर तो निघून जातो. मुलांच्या ताटात लोह यावे म्हणून जे घातले ते असे उकिरड्यावर जाते. पालकांच्या बैठकीत मूठभर तांदूळ ताटलीत घेऊन हा दाणा सगळ्यांना दाखवा. भीती निम्मी तरी तिथेच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आता तिसरी तक्रार, आणि माझ्या मते तीच या पत्राचा गाभा आहे.

ज्या मुलांचे डबे येतात, ती मुले शाळेतले अन्न चाखतच नाहीत. मग त्यांच्या पालकांना मावशींच्या हाताची चव कशी कळली? तुम्ही ‘त्या बाईच्या हातचे नको’ हे वाक्य जसेच्या तसे लिहिले, पण त्याच्यापुढे काही लिहिले नाही. मावशी कोणत्या समाजाच्या आहेत, डबे कोणत्या घरांतून येतात आणि अध्यक्षांनी सुचवलेल्या बाई कोणत्या घरातल्या आहेत, यांतले काहीच पत्रात नाही. कदाचित तुम्हाला ते लिहावेसे वाटले नसेल, किंवा स्वतःशीही अजून तसे म्हणावेसे वाटले नसेल. मी दुरून निवाडा करणार नाही. एखाद्या घरी खरोखर पोट बिघडल्याची शंका असेल, एखाद्या मुलाला पथ्य असेल. पण ही चौकशी तुम्हालाच करावी लागेल. ती वर्गात मुलांना उभे करून करू नका. घरी जा, आईशी बोला आणि साधे विचारा : स्वच्छतेची अडचण आहे की चवीची? ती असेल तर ‘उद्या स्वयंपाक चालू असताना या आणि पाहा’ असे सांगा. जी आई येऊन पातेले, पाणी, हात पाहून समाधानाने परत जाते, तिची तक्रार खरी होती आणि ती सुटली. ज्या घरून कोणी येत नाही आणि तरी ‘हातचे नको’ कायम राहते, तिथे तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा.

आणि ते उत्तर जातीचे असेल, तर त्यावर मधला मार्ग नाही. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे, असे सांगितले आहे. अस्पृश्यतेचे आचरण संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने बंद केले आणि १९५५ च्या कायद्याने दंडनीय ठरवले. अशा कारणासाठी मावशींना काढणे म्हणजे शाळेने स्वतःच्या हाताने तो गुन्हा पुढे चालवणे होय. मग कागदावर कारण ‘अन्न उरते’ असे का लिहिलेले असेना.

या योजनेचा प्रवास तुम्हाला ठाऊक असेलच, पण बैठकीत तो पालकांपुढे मांडण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने ती सुरू केली, तेव्हा महिन्याला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो धान्य घरी मिळत असे. तुमच्या आजच्या काही पालकांनी लहानपणी ती तांदळाची पिशवी स्वतः घरी नेली असेल. घरी गेलेला तांदूळ घरातल्या सगळ्यांत वाटला जाई आणि मूल दुपारी उपाशीच बसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली : गावातल्या सगळ्या घरांची मुले रोज एका ओळीत बसून एकाच पातेल्यातले जेवू लागली. गावात अशा जागा फार नाहीत. ती ओळ मोडू देऊ नका.

प्रत्यक्षात काय करावे? डबा आणणाऱ्या मुलाचा डबा हिसकावू नका आणि त्याला टोचूनही बोलू नका. तो डबा त्याने बांधलेला नाही. पण त्याची वेगळी रांग होऊ देऊ नका. हजेरीच्या क्रमाने बसवा आणि डबेवाला मुलगा ताटवाल्या मुलीशेजारी बसू द्या. तुम्ही आणि तुमचे सहकारी रोज त्याच ओळीत बसून तेच अन्न जेवा, टेबलावर वेगळे मागवू नका. चवीसाठी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी वाढण्यापूर्वी अर्धा तास अन्न खाऊन पाहावे, असा दंडक आहेच. त्या पाळीत समितीच्या सदस्यांची नावे वारांनुसार लिहून टाका. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, तेव्हा डबा पाठवणाऱ्या घरांतली एखादी आई सदस्य असण्याची शक्यता आहे. तिची पाळीही इतरांसारखीच लावा. जी मुले हळूहळू ताटाकडे वळतील त्यांचे कौतुक टाळ्या वाजवून करू नका. ती नेहमीची गोष्ट आहे असेच वागा.

या सगळ्यात मावशींचा तमाशा होणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या. समितीच्या बैठकीत त्यांना उभे करून ‘तुमच्याविरुद्ध तक्रार आहे’ असे विचारू नका. आधी त्यांच्याशी एकटीने बोला, शक्यतो स्वयंपाकघरातच. पाणी कुठून आणतात, गॅस संपल्यावर लाकूड कोण आणते, दहा-दहा लिटरची पातेली एकटीने कशी उतरवतात, हे तुम्हाला तिथेच दिसेल. केंद्राने २००९ मध्ये या कामाचे मानधन महिन्याला १,००० रुपये ठरवले आणि अजूनही केंद्राचा हिशेब त्याच रकमेवर चालतो. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २,५०० रुपयांवर नेले. तेही वर्षातले दहाच महिने मिळते. एवढ्यात सकाळपासून दुपारपर्यंत राबणाऱ्या बाईकडून आपण घरच्या आईसारख्या मायेची अपेक्षा करतो आणि चूक झाली की मात्र नोकरासारखा जाब विचारतो, याचा मला फार त्रास होतो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. २५ मुलांपर्यंत एक आणि २६ ते १०० मुलांपर्यंत दोन स्वयंपाकी-मदतनीस असा योजनेचा निकष आहे. तुमचा पट ४४ आहे. म्हणजे तुमच्या शाळेत दोन बाया हव्यात आणि आहेत एक. कडधान्य भिजवायचे, भाजी चिरायची, भांडी घासायची, वाढायचे हे सगळे एकटीने करताना घाईत दाणा कच्चा राहत असेल, तर दोष कोणाचा? अध्यक्षांच्या नात्यातील बाई खरोखर कष्टाळू असतील तर त्यांनाही रीतसर अर्ज करू द्या, पण दुसऱ्या जागेसाठी. निवड शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने व्हावी आणि त्या ठरावाच्या वेळी अध्यक्षांनी बाजूला बसावे.

बचत गटाचा पर्याय तुम्ही विचारला आहे. चांगला गट असेल तर तो जरूर उपयोगी पडतो. खरेदी, दळण, एखादी आजारी पडली तर बदली बाई, हे गट सांभाळतो. पण गटाकडे दिल्याने तुमची देखरेख, चव, साठा आणि नोंद यातले काहीच सुटत नाही. मावशींना बाजूला सारण्याची सभ्य वाट म्हणून गट आणला जात असेल तर तो आणू नका. मावशी त्या गटाच्या सदस्य होऊन काम करणार असतील तर विचार करा. शहरांत चालतात तशी मध्यवर्ती स्वयंपाकघरे तुमच्यासारख्या लांबच्या खेड्याला सोयीची नाहीत. पहाटे शिजलेले अन्न दुपारी गार होऊन येण्यापेक्षा शाळेच्या चुलीवरची खिचडी बरी.

पैशांचे बोलू. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे शिजवण्याच्या साहित्याचा दर दिवसाला ६.७८ रुपये ठरला, तांदूळ वेगळा. ४० मुलांचे २७१ रुपये होतात आणि आपल्याकडे ग्रामीण भागात त्यातला मोठा वाटा पुरवठादाराकडून येणाऱ्या डाळी, कडधान्ये, तेल आणि मसाल्यात जातो. इंधन आणि भाजीसाठी शाळेच्या हाती येतो तो लहान वाटा, आणि तोही उशिरा. तुम्ही पदरचे पैसे घालता हे मोठेपण आहे, पण गुपचूप घालू नका. प्रत्येक खरेदीची पावती ठेवा, महिन्याचा खर्च समितीपुढे मांडून ठरावात नोंदवा आणि थकीत रकमेची मागणी लेखी पाठवा. माध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत निधी संपला तर शाळेकडील इतर निधी तात्पुरता वापरून नंतर भरून घेण्याची सोय आहे. शिक्षकाच्या पगाराचा त्यात उल्लेख नाही. तुम्ही मुकाट्याने भाजी आणत राहिलात तर वरच्या कार्यालयाच्या कागदावर तुमच्या शाळेची अडचण दिसणारच नाही आणि शेजारच्या शाळेतल्या ज्या शिक्षकाला ते परवडत नाही तो नाकर्ता ठरेल.

अंड्यांचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असे सुरू झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवले आणि हवे असल्यास लोकसहभागातून द्या, असे सांगितले. ज्या मुलाला घरी दूध दिसत नाही त्याच्यासाठी ते अंडे फार मोलाचे होते आणि ते सरकारनेच परत द्यावे, असे मला ठामपणे वाटते. तोवर आपल्याकडे ‘स्नेहभोजन’ची सोय आहे : कोणाचा वाढदिवस, कोणाच्या घरचे कार्य असेल त्या दिवशी त्या कुटुंबाने मुलांना अंडी, फळे किंवा उसळ द्यावी. पण ते रोजच्या जेवणाशेजारी वाढावे, त्याऐवजी नव्हे. आणि देणाऱ्याने मावशींच्या हातूनच वाढू द्यावे, ही अट ठेवायला संकोचू नका. परसबागेत शेवग्याची दोन झाडे लावली तर भाजीचा पुष्कळ भार उतरतो. मूग-शेवगा वरण पाककृतींच्या यादीतही आहे.

स्वच्छतेबाबत एकाच गोष्टीवर जोर देतो, कारण तुमचे गाव कापसाचे आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेचे जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. तुमच्या स्वयंपाकघरात किंवा शेजारच्या खोलीत फवारणीचा पंप, औषधाची बाटली किंवा तिचे धुतलेले रिकामे डबडे क्षणभरही ठेवू देऊ नका, मग ते कोणाचेही असो. तेल मूळ बंद पिशवीतून थेट पातेल्यात जावे. चव घेण्याच्या नोंदवहीत आठवड्याच्या सह्या एकदम करण्याची सवय असेल तर ती मोडा. ते अन्न कोणीतरी आपल्याआधी खाऊन पाहिले आहे, या एका भरवशावर मुले ताटाला बसतात.

तुमच्या सकाळच्या तासाबद्दल शेवटी. उपस्थितीचा आकडा भरणे सहकाऱ्याबरोबर आठवड्याआड वाटून घ्या. तांदूळ रोज नोंदवण्याआधी मोजण्यासाठी शाळेत साधा काटा असू द्या, म्हणजे अंदाजाने लिहून नंतर मेळ घालत बसावे लागत नाही. साठा नोंदवही समितीच्या एखाद्या लिहित्या सदस्यासमोर शनिवारी तपासून घ्या.

आणि या आठवड्यात केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहा. त्यात पट, आजची सरासरी उपस्थिती, दुसऱ्या मदतनीसाची रिक्त जागा आणि इंधन-भाजीपाल्याची थकीत रक्कम एवढेच असावे. मावशींबद्दलची तक्रार त्यात घालू नका. अर्जाची पोच घ्या आणि एक प्रत समितीच्या कागदांत लावा.